मुलाखतीचा प्रवास आणि मित्राचे घर

नोकरीच्या मुलाखतीचे पत्र आले की घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. मुलाखतीत काय विचारतील हा एक, आणि त्या शहरात उतरायचे कोणाकडे हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर पुस्तके आहेत, मार्गदर्शन वर्ग आहेत, सराव मुलाखती आहेत. दुसऱ्यावर कोणी फारसे लिहीत नाही. तो ज्याने त्याने, बहुधा निघण्याच्या आदल्या रात्री, फोनवर सोडवायचा असतो. निवासी शाळेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींपुरते त्याचे उत्तर जवळजवळ ठरलेले आहे. वसतिगृहातील शेजारच्या खाटेवरचा कोणीतरी सोबती त्या शहरात नोकरीला किंवा शिकायला असतोच. मग मुलाखत, प्रवास आणि जुन्या मित्राची भेट या तिन्ही गोष्टी एकाच तिकिटावर येऊन बसतात. त्यांचा मेळ कसा घालावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. ज्यांचे काका पुण्यात आणि मावशी ठाण्यात असते, त्यांना तो प्रश्न पडतच नाही. परंतु ज्या घरातून शहरात नोकरी मागायला जाणारा पहिलाच माणूस निघालेला असतो, त्या घरासाठी रात्री पाठ टेकण्याची जागा ही नोकरीच्या तयारीतील सर्वांत महत्त्वाची बाब ठरते. याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या इतिहासातच आहे.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला गेले. शिक्षणानंतर बडोदे संस्थानात नोकरी करावयाची, असा त्या शिष्यवृत्तीचा करार होता. त्याप्रमाणे लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून ते 1917 मध्ये परतले आणि बडोद्यास गेले. नोकरी ठरलेली होती, हाती कोलंबिया विद्यापीठाची पदवी होती. नव्हते ते फक्त राहण्याचे ठिकाण. अमेरिकेत सोबत असलेले काही मित्र बडोद्यात आहेत, हे त्यांना स्मरले. पण आपण दारात गेलो तर ते आपले स्वागत करतील का, की संकोचतील, याची त्यांना खात्री वाटेना. अखेर एका पारशी विश्रामगृहात, पारशी नाव नोंदवून, ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. त्यांनी दोन मित्रांना विचारले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत हे सर्व आले आहे आणि आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना ते ठाऊक आहे.

ही हकिकत आपण सहसा अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिच्यातील आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याच्याजवळ विद्या होती, नोकरी होती आणि मित्रही होते, त्याचे पाऊल मित्राच्या दाराशी जाण्यापूर्वीच अडले. विचारावे की न विचारावे, या संकोचात ते अडले. तो संकोच आज वेगळ्या रूपात आपल्या मुलांमध्ये दिसतो. ‘तो आता साहेब झाला, त्याला कसे विचारायचे?’ ‘तिच्या सासरचे काय म्हणतील?’ ‘मी अजून बेकारच आहे, तोंड कसे दाखवू?’ असे म्हणून मुलगा फलाटावरच्या बाकावर रात्र काढतो आणि सकाळी सार्वजनिक स्वच्छतागृहात कपडे बदलून मुलाखतीला जातो. म्हणून पहिला धडा विचारण्याचा. स्पष्ट शब्दांत, वेळेवर, आणि नकाराला जागा ठेवून विचारावे. ‘माझी अमुक तारखेला मुलाखत आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी येऊन दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघेन. तुझ्याकडे जमत नसेल तर मोकळेपणाने सांग, मी दुसरी सोय पाहतो,’ एवढे पुरे. येण्याची वेळ सांगितली तशी जाण्याचीही सांगावी. पाहुणा केव्हा जाणार हे ठाऊक नसलेले घर आतून अवघडलेले असते, मग ते कितीही प्रेमळ असो.

आता क्रमाचा विचार. मुलाखतीसाठी शहरात जायचेच आहे तर जाताजाता चार मित्रांना भेटू, असे मनात येणे स्वाभाविक आहे. वसतिगृहात आठ-दहा वर्षे एका पंगतीत जेवलेल्यांची ओढ काही वेगळीच असते. तथापि भेटी मुलाखतीच्या आधी ठेवाव्यात की नंतर, या प्रश्नाला एकच उत्तर आहे: नंतर. आधी केवळ एकाच मित्राकडे जावे, ज्याच्याकडे मुक्काम आहे त्याच्याकडे. आणि ती भेट नव्हे, मुक्काम आहे, हे दोघांनीही समजून असावे. जुने मित्र जमले की रात्रीचे दोन वाजतात. कोणत्या सरांनी कोणाला कसे रागावले होते इथपासून गोष्टी निघतात आणि कोणाला किती पगार आहे इथे येऊन थांबतात. त्यात एखादा असा निघतोच की जो आपल्या नापास मुलाखतींचे किस्से रंगवून सांगतो. त्याचा हेतू वाईट नसतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी समितीपुढे बसणाऱ्याच्या डोक्यात ते किस्से घोळत राहतात.

मुक्कामाचा मित्र निवडताना जवळीक पाहावी, पण त्याआधी नकाशा पाहावा. गावाकडे ‘मुंबईचा मित्र’ म्हणतात तो पुष्कळदा बदलापूर, विरार किंवा पनवेलला राहात असतो. विरार चर्चगेटपासून 60 किलोमीटर आहे, बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून 68 किलोमीटर. सकाळी दहाची मुलाखत नरिमन पॉइंटला असेल तर बदलापुरातून साडेसातच्या आधी निघावे लागते. आणि त्या वेळेच्या लोकलमध्ये नवख्याला दारात पाय ठेवणेच कठीण, मग इस्त्री केलेल्या सदऱ्याची गोष्ट सोडाच. वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत असेल तर रेल्वेस्थानकाहून पुढे बस किंवा रिक्षाचा टप्पा असतो, तोही धरावा. पुण्यात हडपसरला मित्र आणि हिंजवडीला मुलाखत म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणे. अशा वेळी जिवलग पण लांबच्या मित्रापेक्षा, वर्गात फारसे बोलणे नसलेला पण मुलाखतीच्या ठिकाणाजवळ राहणारा सोबती बरा. जिवलग मित्र रागावला तर रागावू द्यावे. मुलाखत झाल्यावर त्याच्याकडे जावे आणि त्याच्याच घरी जेवावे.

शक्य असेल तर आदल्या दिवशी दुपारीच शहरात पोहोचावे आणि मुलाखतीची जागा एकदा डोळ्यांनी पाहून यावी. कोणत्या फाटकातून आत सोडतात, शिपायाकडे पत्र दाखवावे लागते का, फोन बाहेर ठेवावा लागतो का, या बारीक गोष्टी आधी कळल्या की निम्मी धडधड कमी होते. मित्राने सोबत यावे. शहरात राहणाऱ्याकडे हीच मोठी शिदोरी असते. धीमी लोकल कोणती आणि जलद कोणती, पुढचे स्थानक कोणत्या बाजूला येते, हे त्याला विचार न करता कळते.

मुलींच्या बाबतीत हा विषय आणखी नाजूक आहे आणि त्यावर थोडे थांबून लिहिणे आवश्यक वाटते. मुलगी मुलाखतीला निघाली की बहुधा वडील किंवा भाऊ सोबत जातो. मैत्रीण नोकरदार महिलांच्या वसतिगृहात राहात असेल तर तिच्या खोलीत पाहुणीला एखादी रात्र राहता येते, तीही आधी अर्ज करून आणि शुल्क भरून. वडिलांना मात्र दारातूनच परतावे लागते. मग मुलगी आत आणि वडील रेल्वेस्थानकावर, अशी रात्र जाते. मुलीचे चित्त त्या रात्री कोठे असेल, हे सांगावयास नको. अशा प्रसंगी वडिलांची सोय आधी ठरवावी. कन्फर्म तिकीट असणाऱ्याला मोठ्या स्थानकांवरील विश्रामकक्ष तिकिटावरील पीएनआर क्रमांकाने आरक्षित करता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते. दुसरा मार्ग माजी विद्यार्थ्यांच्या कुटुंबाचा. ज्या घरात पती-पत्नी, मुले आहेत, तेथे बाप-लेक दोघेही संकोचाशिवाय राहू शकतात. मुलाखत चालू असताना चार-चार तास बाहेर झाडाखाली बसून राहणारे वडील आपण सर्वांनीच पाहिले आहेत. मित्रमंडळींपैकी एकाने त्या वेळी त्यांना चहाला नेले, शहर दाखवले, तर तीही मुलाखतीला केलेली मदतच होय. आणि पालकांना एक विनंती: मुलगी कामाला लागल्यावर एकटीच जाणार-येणार आहे. तिचा परतीचा प्रवास मैत्रिणींसोबत होऊ देण्यास हरकत नसावी.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. मूळ प्रमाणपत्रे, त्यांच्या साक्षांकित प्रती, मुलाखतीचे पत्र आणि ओळखपत्र ही पिशवी प्रवासात उशाशी असावी आणि मित्राच्या घरी एका ठरलेल्या जागी. खोलीत सहा मुले राहात असतील तर कोणाचे काय कोणाच्या पिशवीत जाते, याचा नेम नसतो. बौद्ध उमेदवारांनी एक गोष्ट विशेष पाहावी. 1990 च्या दुरुस्तीने केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतही बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. परंतु केंद्रीय पदांसाठी जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते, राज्याच्या नमुन्यातील चालत नाही असे ऐनवेळी कळते. हे घरून निघण्यापूर्वी तपासावे. मित्राच्या शहरात ते मिळत नाही. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंद केल्या, तेव्हा आता प्रवासच टळला असे काहींना वाटले. तसे नाही. कागदपत्र पडताळणी आणि कौशल्य चाचणी यांसाठी जावे लागतेच, आणि तेथे पिशवीचे महत्त्व मुलाखतीपेक्षाही अधिक.

प्रवासाच्या तिकिटाचे शास्त्र प्रत्येकाने शिकावे. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आरक्षण 120 दिवसांऐवजी 60 दिवस आधी उघडते. पण मुलाखतीचे पत्र इतके आधी येतेच कोठे? बहुधा पंधरा-वीस दिवसांचा अवधी असतो आणि प्रतीक्षा यादीत नाव लागते. तत्काळ आरक्षण गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी 10 वाजता आणि शयनयानासाठी 11 वाजता सुरू होते. ऑनलाइन काढायचे तर खात्याला आधार पडताळणी केलेली असावी लागते. जाण्याचे तिकीट कसेही मिळवावे, परतीचे मात्र मुलाखतीच्या दिवशीचे काढू नये. समितीपुढे क्रम शेवटचा लागतो, कधी काम दुसऱ्या दिवसावर जाते, आणि गाडी चुकेल या भीतीने उमेदवार घड्याळाकडे पाहात उत्तरे देतो. निदान एक दिवस मोकळा ठेवावा. मित्रांच्या भेटीसाठी हाच दिवस.

भेटींसाठी रेल्वेचा आणखी एक नियम फार उपयोगी आहे आणि तो फारच थोड्यांना माहीत असतो. 500 किलोमीटरपेक्षा अधिक अंतराच्या तिकिटावर वाटेत एखाद्या स्थानकावर उतरून, पुन्हा त्याच तिकिटावर पुढे जाता येते. पहिला थांबा निघाल्या ठिकाणापासून 500 किलोमीटर गेल्यावरच घेता येतो. तिकीट 1000 किलोमीटरपर्यंतचे असेल तर एक थांबा, त्याहून लांबचे असेल तर दोन. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस सोडून दोन दिवसांपर्यंत राहता येते, आणि उतरल्यावर तिकिटावर स्थानकात नोंद करून घ्यावी लागते. राजधानी, शताब्दी, जनशताब्दी अशा गाड्यांना ही सवलत नाही. पुढच्या टप्प्यासाठी जागा हवी असेल तर तिकीट काढतानाच खिडकीवर तसे सांगावे. मुंबईहून नागपूरला परतताना भुसावळ 500 किलोमीटरच्या अलीकडे पडते, म्हणून तेथे उतरता येत नाही. अकोला आणि बडनेरा पलीकडे असल्याने तेथील मित्राकडे थांबता येते. नागपूरहून दिल्लीला जाताना भोपाळचा मित्र या नियमात बसत नाही, झाशी किंवा ग्वाल्हेरचा बसतो. अर्थात दिल्लीला मुलाखत असेल तर हे थांबे परतीच्या वाटेवरच घ्यावेत आणि अंतर दिल्लीपासून मोजावे. तसे मोजले की भोपाळही 500 च्या पुढे जाते.

खर्चाच्या बाबतीत एक सावधगिरी आणि एक शिस्त सांगावीशी वाटते. केंद्रीय लोकसेवा आयोगासारख्या संस्था बाहेरगावच्या उमेदवाराला प्रवासभाडे परत देतात. काही ठिकाणी अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ते मिळते. त्यासाठी मूळ तिकीट जपून ठेवावे लागते आणि विहित अर्ज भरावा लागतो. भाडे मिळते ते नेमलेल्या वर्गाचे आणि जवळच्या मार्गाचे. मित्रासाठी घेतलेले वळण आपल्या खिशातून, हे निघतानाच मनाशी ठरलेले असावे. वळणाची तिकिटे जोडून भाडे मागणारा चार-पाचशे रुपयांसाठी, नोकरी लागण्यापूर्वीच, आपल्या सचोटीविषयी शंका निर्माण करतो. खासगी कंपनीने बोलावले असेल तर भाडे मिळणार का, हे पत्रातून आधी विचारण्यात काही गैर नाही.

प्रवासाकडे केवळ अंतर म्हणून पाहू नये. मुलाखत समितीला उमेदवाराचे गाव, जिल्हा, पिके, उद्योग यांविषयी विचारण्याची आवड असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची व्यक्तिमत्त्व चाचणी 275 गुणांची आहे आणि तीत आपल्या जिल्ह्याविषयी प्रश्न येणे अगदी नेहमीचे. वऱ्हाडातून मुंबईला जाणारी गाडी कापसाच्या पट्ट्यातून, जळगावच्या केळीच्या बागांजवळून आणि लासलगावच्या कांद्याच्या बाजारावरून जाते. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे पूर्वी जाणाऱ्या ‘शकुंतला’ या अरुंद मार्गाच्या रेल्वेची गोष्ट ज्याला ठाऊक आहे, त्याला कापूस, इंग्रजी राजवट आणि विदर्भाचे मागासलेपण यांवर चार वाक्ये स्वतःची बोलता येतात. फोनमधील चित्रफितीत मान घालून बसलेल्या उमेदवाराला हेच सर्व नंतर पुस्तकातून पाठ करावे लागते. मित्राशी होणारे बोलणेही असेच कामाचे. तो ज्या कार्यालयात आहे तेथील रोजचे काम काय, साहेब कोणत्या गोष्टीवर चिडतात, नवा माणूस कोठे अडखळतो, हे त्याच्याकडून ऐकावे. मुलाखतीपूर्वीच्या संध्याकाळी बोलायचेच तर यावर बोलावे.

आता दोन शब्द यजमानांसाठी, कारण हा अंक वाचणाऱ्यांत उमेदवारांपेक्षा यजमानच अधिक आहेत. आलेल्या मुलाला त्या रात्री मेजवानी नको. साधे जेवण, अंथरूण, सकाळी आंघोळीला पहिला क्रमांक आणि इस्त्री, एवढे त्याला द्यावे. घरात एकच न्हाणीघर असेल तर पहिला क्रमांक हीच मोठी देणगी. ‘किती ठिकाणी दिल्या आतापर्यंत?’ हा प्रश्न विचारू नये. आपल्या पगाराचा, घराच्या हप्त्याचा विषय त्या रात्री काढू नये. आणि मुलाखत कशी झाली हे त्याने सांगितल्याशिवाय खोदू नये. उतरलेल्या चेहऱ्याने परतलेल्या मुलाला आधी जेवू घालावे. घरातील अडचणीमुळे नकार द्यावा लागला तर तो लगेच द्यावा. टाळत राहून आदल्या रात्री फोन बंद ठेवण्याने त्याची दुसरी सोयही हुकते.

पाहुण्यानेही काही पाळावे. गावाकडून ज्वारीचे पीठ, तिळाची चटणी, हंगाम असेल तर चार संत्री न्यावीत. शहरात नऊ तास नोकरी करणाऱ्या घराला मिठाईच्या खोक्यापेक्षा त्याचे मोल अधिक वाटते. ताट स्वतः धुवावे. वसतिगृहाची ती सवय शहरात गेल्यावर विसरण्याचे कारण नाही. निकाल लागल्यावर, तो कसाही असो, यजमानाला स्वतः कळवावे. दुसऱ्याकडून कळले तर त्याला आपल्या घराचा केवळ धर्मशाळेसारखा वापर झाला असे वाटू शकते.

एक सूचना शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळींपुढे ठेवतो. ज्यांची इच्छा आहे अशांची शहरवार यादी शाळेच्या कार्यालयात असावी. तीत नाव व फोन तर असावाच. शिवाय जवळचे रेल्वेस्थानक, तेथून घरापर्यंत लागणारा वेळ, किती जण राहू शकतील, मुली किंवा पालक राहू शकतील का, आणि कोणत्या महिन्यांत अडचण असते, हेही असावे. यादी भिंतीवर लावू नये, फोन क्रमांक कोणालाही देऊ नयेत. उमेदवाराने मुलाखतीचे पत्र दाखवावे आणि कार्यालयाने आधी यजमानाला विचारून मगच दोघांची गाठ घालून द्यावी. भाड्याच्या खोल्या दर अकरा महिन्यांनी बदलतात, म्हणून दरवर्षी जूनमध्ये प्रत्येकाने आपली ओळ तपासून द्यावी. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर येथे सध्या राहणाऱ्यांनीही नावे द्यावीत. मुलाखती फक्त मुंबई-पुण्यातच होतात असे नाही.